कोणी बघत नसताना

सामना संपायला सहा मिनिटं उरली आहेत आणि आपला संघ एका गोलनं मागे आहे. गोलरक्षकाला बाहेर बोलावून त्याच्या जागी सहावा हल्लेखोर बर्फावर उतरवायचा का? आइस हॉकीत याला परवानगी आहे आणि हे रोज घडतं, पण घडतं ते अगदी अखेरीस, शेवटच्या दोन-अडीच मिनिटांत. क्लिफर्ड ॲस्नेस आणि ॲरन ब्राउन या गुंतवणूक व्यवसायातल्या दोघांनी २०१८ मध्ये गणित मांडून दाखवलं, की एका गोलची पिछाडी असेल तर गोलरक्षकाला पाच-सहा मिनिटं आधीच बाहेर काढण्यात फायदा आहे. एका गोलनं हरलं काय आणि तीन गोलांनी हरलं काय, गुण शून्यच मिळतात. मग बरोबरीची शक्यता वाढवणारी जोखीम घ्यायला हरकत कसली? प्रशिक्षकांना हे कळत नाही असं नाही. पण रिकाम्या जाळीत पक, म्हणजे खेळाची चकती, सरकत गेला की अख्खं स्टेडियम हसतं. रूढ वेळेला गोलरक्षक काढून सामना गेला तर संघ हरतो, सहा मिनिटं आधी काढून गेला तर प्रशिक्षक हरतो. २०१३-१४ मध्ये कोलोरॅडोचा प्रशिक्षक पॅट्रिक रॉय बराच लवकर गोलरक्षक काढायचा, तेव्हा त्याची सगळीकडे चर्चा झाली. तो स्वतः एके काळचा महान गोलरक्षक होता. एवढी पुण्याई पाठीशी असल्यावर माणसाला वेडेपणा परवडतो.

मला तो फुकटात परवडतो, कारण मी चालवतो तो संघ अस्तित्वातच नाही. त्याचं नाव पाणकावळे. उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या तळ्याकाठच्या, नकाशावर नसलेल्या शहराचा हा संघ माझ्या लॅपटॉपमध्ये राहतो आणि दर हंगामात मार्चच्या सुमारास बाद फेरीच्या उंबरठ्यावर लोंबकळतो. मी त्याचा जनरल मॅनेजर आणि प्रशिक्षकही. पाणकावळ्यांचा गोलरक्षक सहा मिनिटं आधी बाहेर येतो आणि कोणी हसत नाही.

हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आठवतात, खडकीचा धनराज पिल्ले आठवतो. बर्फावरच्या हॉकीशी आपलं सोयरसुतक नाही. काल्पनिक संघ मात्र आपल्याला चांगला ठाऊक आहे. ड्रीम११ नं तो घरोघरी नेला, आणि ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद होईपर्यंत कोट्यवधी लोक रोज संध्याकाळी निवड समितीवर बसत होते. पण तिथे निकाल खऱ्या सामन्यावरून उसना घेतलेला असतो आणि संघाचं आयुष्य एका संध्याकाळपुरतं. मी म्हणतो तो खेळ वेगळा. फिनलंडच्या रिस्टो रेमेस यानं ‘ईस्टसाइड हॉकी मॅनेजर’ नावाचा खेळ लिहिला आणि २००१ च्या सुमारास तो फुकट वाटला. पुढे ‘फुटबॉल मॅनेजर’वाल्या स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह कंपनीनं त्याला आपल्याकडे घेतलं. अशा खेळांत करार, पगार, दुखापती, सोळा-सतरा वर्षांची पोरं हेरणं, चिडलेल्या खेळाडूची समजूत घालणं, हे सगळं वर्षानुवर्षं चालतं. त्यात पैसा नाही आणि प्रेक्षक तर अजिबात नाहीत.

प्रेक्षक नाहीत हीच या खेळाची सगळ्यात मोलाची बाजू आहे, असं माझं म्हणणं आहे. हंगामाच्या अखेरच्या टप्प्यात मॅनेजर जे काही करतो, त्यातलं किती संघासाठी असतं आणि किती बघणाऱ्यांसाठी, हे खऱ्या संघाकडे पाहून कळत नाही. बघणारे काढून टाकले की उरतं किती, ते दिसतं. ते फारच थोडं असतं.

आधी शर्यत कशी असते ते पाहू. नॅशनल हॉकी लीगमध्ये ३२ संघ आहेत. २०२५-२६ पर्यंत प्रत्येकाचे ८२ साखळी सामने असत आणि १६ संघ बाद फेरीत जात. जिंकलं की २ गुण. हरलं की शून्य, पण ओव्हरटाइममध्ये किंवा शूटआउटमध्ये हरलं तर १. म्हणजे काही सामन्यांत एकूण २ गुण वाटले जातात आणि काहींत ३. यातली खोच तळाशी असलेल्यालाच कळते. तुम्ही चार गुणांनी मागे आहात आणि तुमच्या पुढचे दोन संघ एकमेकांशी खेळताहेत. तुम्ही देव पाण्यात घालून बसता की कोणीतरी एक हरेल. सामना ओव्हरटाइममध्ये जातो, एकाला दोन आणि दुसऱ्याला एक गुण मिळतो, दोघंही पुढे सरकतात. शेवटची पाच मिनिटं बरोबरी असली की दोन्ही संघ जोखीम घ्यायचं टाळतात, कारण घड्याळ संपलं की प्रत्येकी एक गुण खात्यात. २०१९-२० पासून समान गुण असलेल्यांत साठ मिनिटांच्या आत जिंकलेले सामने आधी मोजतात, त्यानं थोडा फरक पडला. पण पाठलाग करणाऱ्याची चढण तशीच राहिली.

आता वीस सामने उरलेत असं धरा आणि पाणकावळे सरासरी संघ आहेत, प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता निम्मी. ओव्हरटाइमचा गुण क्षणभर बाजूला ठेवू. संभाव्यतेचं साधं गणित सांगतं, की असा संघ चारातल्या तीन वेळा ८ ते १२ सामने जिंकेल. उरलेल्या एका वेळी तो ७ किंवा त्याहून कमी जिंकेल, नाहीतर १३ किंवा त्याहून जास्त. सात आणि तेरा यांत १२ गुणांचं अंतर आहे. तोच संघ, तेच खेळाडू, तोच मॅनेजर. एका निकालात लोक त्याला द्रष्टा म्हणतील, दुसऱ्यात त्याची हकालपट्टी मागतील. आणि या १२ गुणांतलं काहीही त्यानं केलेलं नाही.

त्यानं करण्यासारखं काय असतं? फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या सुरुवातीला खेळाडूंच्या देवघेवीची मुदत संपते. त्याआधी तो एखादा चांगला खेळाडू आणू शकतो. बहुधा तो असा असतो की ज्याचा करार उन्हाळ्यात संपतोय. तिकडे त्याला ‘रेंटल’ म्हणतात. पगाराला कमाल मर्यादा आहे, २०२४-२५ मध्ये ती संघामागे ८ कोटी ८० लाख डॉलर होती, त्यामुळे आत कोणाला घ्यायचं तर कोणाला तरी काढावं लागतं. वर नवोदितांच्या ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची निवड द्यावी लागते, म्हणजे आज अठरा वर्षांचा असलेला आणि पाच वर्षांनी संघाचा कणा होऊ शकणारा कोणीतरी मुलगा. समजा या नव्या खेळाडूमुळे जिंकण्याची शक्यता ५० वरून ५३ टक्क्यांवर गेली. ही वाढ लहान नाही. वीस सामन्यांत तिची किंमत होते ०.६ विजय, सव्वा गुणाला थोडी कमी. दैवाचा झोका बारा गुणांचा आणि मॅनेजरचा हात सव्वा गुणाचा.

सव्वा गुणानं कधीच काही होत नाही असं मात्र नाही. २०२३ मध्ये फ्लोरिडा ९२ गुणांवर आत गेला आणि पिट्सबर्ग ९१ गुणांवर बाहेर राहिला. सलग १६ हंगाम बाद फेरी गाठलेला पिट्सबर्ग शेवटून दुसऱ्या सामन्यात घरच्या मैदानावर तळाच्या शिकागोकडून ५-२ असा हरला. आणखी गंमत अशी, की शिकागोला त्या वर्षी जिंकण्यात काही रस नव्हता. तळाला राहिलं की ड्राफ्टच्या सोडतीत पहिल्या निवडीची शक्यता वाढते. पुढे त्या सोडतीत त्यांनाच पहिली निवड मिळाली आणि त्या वर्षीचा सगळ्यात गाजलेला तरुण खेळाडू कॉनर बेडार्ड त्यांच्याकडे गेला. पिट्सबर्गचा मॅनेजर रॉन हेक्स्टॉल यानं मुदतीच्या तोंडावर दुसऱ्या फेरीची निवड देऊन मिकाएल ग्रॅनलंडला आणलं होतं. त्याच्याकडून नियमित हंगामात एकच गोल झाला. १४ एप्रिलला हेक्स्टॉलची नोकरी गेली. तिकडे फ्लोरिडानं पहिल्याच फेरीत बॉस्टनला हरवलं, ज्यांनी त्या हंगामात ६५ विजय आणि १३५ गुणांचा विक्रम केला होता. मालिकेच्या शेवटच्या, सातव्या सामन्यात शेवटचं मिनिट राहिलेलं असताना फ्लोरिडाची जाळी रिकामी होती, आणि सहा जण खेळत असताना ब्रँडन माँटूरनं बरोबरी साधली. तो पक इंचभर बाजूनं गेला असता तर बहुधा त्या संघाबद्दल आज कोणी काही लिहिलं नसतं.

ही कहाणी सांगणारे फ्लोरिडाची जिद्द, फ्लोरिडाची शिस्त असले शब्द वापरतात. आपणही आयपीएलच्या शेवटच्या आठवड्यात तेच करतो. २०२४ मध्ये बंगळूरुचा संघ पहिल्या आठपैकी सात सामने हरला, पुढचे सहा ओळीनं जिंकला आणि धावगतीवर चेन्नईला मागे टाकून आत गेला. लगेच प्रत्येकाला त्यामागचं कारण सापडलं. शर्यत संपल्यावर कारणं नेहमी सापडतात. मला हवी असतात ती शर्यत चालू असतानाची कारणं, आणि ती मला पाणकावळ्यांकडेच मिळतात.

तिथे एक खोडसाळ सोय आहे. सामन्याआधी खेळ जतन करून ठेवायचा, निकाल पाहायचा, मागे यायचं, पुन्हा खेळवायचा. तोच संघ, तेच डावपेच. एकदा ४-१ जिंकतो, एकदा २-३ हरतो, एकदा शूटआउटमध्ये जातो. जिंकण्यासाठी हे करणं म्हणजे फसवणूक, आणि हे खेळणाऱ्यांच्या जगात त्याला फारशी इज्जत नाही. पण शिकण्यासाठी करून पाहावं. निकाल म्हणजे निर्णयाचा आरसा, ही समजूत पहिल्या काही फेऱ्यांतच ढासळते. खऱ्या मॅनेजरला आयुष्यात प्रत्येक मार्च एकदाच मिळतो, आणि त्याचे मालक, पत्रकार, चाहते त्या एकाच निकालावरून त्याची पारख करतात. तो तरी काय करणार? ज्यावरून पारख होते तेच तो सांभाळतो. हरल्यावर ‘काहीच केलं नाही’ हा आरोप येऊ नये म्हणून काहीतरी करतो. मुदतीच्या दिवशी कॅनडातल्या क्रीडावाहिन्या दिवसभर देवघेवीच्या बातम्या देतात. एवढा मोठा मांडव घातल्यावर रिकाम्या हातानं बसून राहायला फार मोठं काळीज लागतं.

ते काळीज २०१९ मध्ये सेंट लुइसचा मॅनेजर डग आर्मस्ट्राँग यानं दाखवलं. त्या वर्षी ३ जानेवारीच्या सकाळी त्याचा संघ ३१ संघांत ३१ वा होता. प्रशिक्षक नोव्हेंबरमध्येच बदलून झाला होता, मोठे खेळाडू विकून टाका असा गलका चालू होता. त्यानं संघ मोडला नाही आणि मुदत संपताना मोठी खरेदीही केली नाही. सात जानेवारीला जॉर्डन बिनिंग्टन नावाचा गोलरक्षक पहिल्यांदा सुरुवातीपासून उतरला आणि त्यानं एकही गोल होऊ दिला नाही. आदल्या वर्षी तो दुसऱ्याच क्लबच्या दुय्यम संघात उसना दिलेला होता. जूनमध्ये सेंट लुइसनं बॉस्टनमध्ये जाऊन अंतिम मालिकेचा सातवा सामना ४-१ जिंकला आणि इतिहासात पहिल्यांदा लीगचा स्टॅन्ली कप उचलला.

हे उदाहरण माझ्या बाजूचं दिसतं, पण ते पूर्णपणे माझ्या बाजूचं नाही, आणि इथे काल्पनिक संघाची पहिली खोट उघडी पडते. खेळात प्रत्येक खेळाडूची गुणवत्ता कुठेतरी आकड्यांत लिहिलेली असते. ती माझ्यापासून थोडीफार लपवलेली असेल, पण ती आहे. बिनिंग्टनची गुणवत्ता कुठे लिहिलेली होती? कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यालाही नसेल. मी पाणकावळ्यांच्या चौथ्या क्रमांकाच्या गोलरक्षकाचे आकडे बघून त्याला कधीच बर्फावर आणला नसता. खऱ्या मॅनेजरला जी अनिश्चितता आहे ती दोन मजली आहे: कोण जिंकेल हे माहीत नाही, आणि कोण चांगला हेही माहीत नाही. माझ्याकडे वरचाच मजला आहे.

दुसरी खोट जास्त गंभीर आहे. मी रात्री अकराला एका बचावपटूला दुसऱ्या टोकाच्या शहरात पाठवतो आणि झोपायला जातो. खऱ्या बचावपटूची मुलं त्या आठवड्यात शाळेत असतात, बायकोची नोकरी असते, घराचं भाडं भरलेलं असतं. तो सकाळी सरावाला आलेला असतो आणि रात्री विमानात. ज्येष्ठ खेळाडू करारात बदलीला नकार देण्याची अट घालून घेतात ती याचसाठी. नवख्याला ती मिळत नाही. खेळात या सगळ्याच्या जागी ‘मनोबल’ नावाची एक पट्टी असते, ती दोन जिंकलेल्या सामन्यांनी पुन्हा हिरवी होते. कोणी बघत नाही तेव्हा लाज जाते तशी भीडही जाते. प्रेक्षकांची कटकट मोठी असली, तरी मॅनेजरला निर्दयपणे वागू न देण्यात तिचाही थोडा वाटा असतो, हे मला मान्य केलं पाहिजे.

शिवाय एकट्यानं खेळणारा देव होतो. अमेरिकन कादंबरीकार रॉबर्ट कूव्हर यानं १९६८ मध्ये याच विषयावर कादंबरी लिहिली. तिच्यातला जे. हेन्री वॉ हा हिशेबनीस रोज रात्री घरी बसून फाशांवर बेसबॉलची अख्खी लीग चालवतो. खेळाडूंची नावं, वंशावळ्या, मृत्युलेख सगळं त्यानं रचलेलं. त्याचा सगळ्यात लाडका तरुण पिचर फाशांच्या एका दुर्मीळ दानामुळे चेंडू लागून मरतो. नियम त्यानंच केलेले, दान मात्र त्याचं नाही. काही काळ तो तडफडतो आणि मग एके दिवशी फासे टाकत नाही, हातानं मांडून ठेवतो, म्हणजे समोरच्या संघाचा पिचर मरेल. तिथून त्याचं त्या जगावरचं राज्य वाढतं आणि त्याचं स्वतःचं आयुष्य सुटत जातं. कोणी पाहत नसताना केलेली लबाडी पकडणारं कोणी नसतं. तिची शिक्षा एवढीच, की त्यानंतर जिंकण्याला चव राहत नाही.

एवढं सगळं मान्य करूनही माझं मूळ म्हणणं मी सोडत नाही. या उणिवा आहेत म्हणून पाणकावळे चालवताना मी एक शिस्त पाळतो. मुदतीच्या आधी प्रत्येक देवघेवीचं कारण एका वाक्यात लिहून ठेवायचं. ‘चाहते खूश होतील’ हे तिथे लिहिताच येत नाही, कारण चाहते नाहीत. ‘काहीतरी केलं पाहिजे’ हे लिहून पाहिलं की ते किती पोकळ आहे ते लगेच दिसतं. उरतं ते कारण खरं, आणि बऱ्याचदा काहीच उरत नाही. मग मी हात बांधून बसतो आणि वीस सामने बघतो. संघ कधी आत जातो, कधी नाही.

याच फुटपट्टीनं २०१९ ची एक दुसरी गोष्ट मोजली पाहिजे, कारण ती ‘स्वस्थ बसा’ या सल्ल्याच्या अगदी उलट आहे. कोलंबसचा संघ २००० पासून लीगमध्ये होता आणि त्यानं बाद फेरीतली एकही मालिका जिंकली नव्हती. त्याचे दोन सर्वोत्तम खेळाडू, आर्टेमी पानारिन आणि गोलरक्षक सर्गेई बॉब्रोव्स्की, उन्हाळ्यात करार संपल्यावर जाणार हे जवळजवळ उघड होतं. शहाणपणाचा सल्ला असा, की त्यांना आत्ताच विका आणि बदल्यात उद्याचे खेळाडू घ्या. मॅनेजर यार्मो केकालाइनेन यानं त्यांना ठेवलं, आणि वर ऑटावाकडून मॅट डुशेन व रायन झिंगल यांना आणलं. यात त्या वर्षीच्या ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची निवडही गेली. त्याला वेड्यात काढणारे कमी नव्हते. संघ हंगाम संपता संपता कसाबसा आत गेला. समोर ६२ सामने जिंकलेला टॅम्पा बे. पहिल्या सामन्यात कोलंबस ०-३ मागे होता, तो ४-३ नं जिंकला, आणि मालिका ४-० अशी संपली. दुसऱ्या फेरीत बॉस्टननं त्यांना बाहेर काढलं. उन्हाळ्यात पानारिन, बॉब्रोव्स्की, डुशेन, झिंगल, चौघंही गेले. २०२१ पासून पुढचे पाच हंगाम कोलंबसला बाद फेरी दिसली नाही, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये केकालाइनेनलाही काढून टाकलं.

त्याचं कारण एका वाक्यात लिहिता येतं: ज्या गावानं जवळजवळ वीस वर्षं एकही मालिका जिंकलेली पाहिली नाही, त्या गावासाठी हातात असलेला सर्वोत्तम संघ एकदा तरी पूर्ण ताकदीनं उतरवणं हे दोन-तीन अनोळखी अठरा वर्षांच्या मुलांपेक्षा मोलाचं आहे. हे कारण निकालाच्या आधीचं आहे, टॅम्पाला हरवण्यावर ते उभं नाही, आणि ते लोकांच्या टाळ्यांसाठी नव्हतं, उलट हसू ओढवून घेणारं होतं. आर्मस्ट्राँगनं काही केलं नाही आणि यानं जवळजवळ सगळं केलं; दोघांनीही बघणाऱ्यांकडे पाठ फिरवूनच निर्णय घेतला. केकालाइनेन बरोबर होता असं माझं मत आहे, आणि टॅम्पानं ती मालिका ४-० नं जिंकली असती तरी ते हेच राहिलं असतं.